गाळलेला ज

डोमा, आज सकाळी दुकान उघडलं आणि पहिलं काम तुझंच काढलं. पडद्यावर तुझा फोटो ठेवला, चष्म्याच्या वरून पाहणारा, त्याखाली 'कै. डोमाजी गुरुजी' टाकलं आणि हात थांबला. शाळेच्या हेडमास्तरांचा निरोप मोबाईलवर होता. 'भाषातज्ञ कै. डोमाजी गुरुजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली. परवा शोकसभा, फ्लेक्स उद्या पाहिजे.' त्यांनीही एकच ज लिहिला आहे बघ. तू असतास तर तांबडी पेन्सिल घेऊन त्यांच्या मोबाईलवरच खूण केली असतीस.

तुला जाऊन आठ दिवस झाले. लाखनीच्या या दुकानात मी लग्नाच्या पत्रिका छापतो, निवडणुकीचे फलक छापतो, मेलेल्यांचे तर रोजच छापतो. मला कधी शब्द अडला नाही. तुझ्या नावामागे मात्र तो एक शब्द टाकता येईना. आपल्या दोघांत त्या शब्दावरून जे बिनसलं ते बिनसलेलंच राहिलं आणि तू निघून गेलास. तुझ्या निरोपसमारंभात तू माझ्या पाटीखाली का बसला नाहीस, हे मी तुला एकदाही पुसलं नाही.

पण आधीचं आधी. आपली ओळख त्याच शब्दानं झाली होती, आठवते ना? मी भंडाऱ्याला छापखान्यात जुळारी होतो. एकेका अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवायची, दिवसाच्या शेवटी बोटं काळी. तू नवा नवा मास्तर, कोणाच्या तरी व्याख्यानाची पत्रिका घेऊन आलास. मी 'भाषातज्ञ' जुळवलं. तू प्रूफ पाहिलं, तांबडी खूण केली, वर एक ज लिहिला. मी तो कागद परत सरकवला.

"अर्धा ज संपला मास्तर," मी म्हटलं. "दोनच खिळे होते. एक 'सुसज्ज'मध्ये गेला, एक 'लज्जा'मध्ये."

"मंग लज्जा काढ," तू म्हणालास. "ते कोनाले पाह्यजे नाही. हे पाह्यजे."

मी चिडलो. जुळाऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या मास्तरांचा मला तेव्हा भारी राग यायचा. एका ज-नं काय आभाळ कोसळते, असं मी म्हटलं असेन. तू रागावला नाहीस. स्टूल ओढलंस, रद्दी कागद घेतलास आणि लिहून दाखवलंस. तत् म्हणजे ते. ज्ञ म्हणजे जाणणारा. 'ते' जाणणारा, तो तज्ज्ञ. तत्-मधला शेवटचा त् ज्ञ-च्या शेजारी राहायला आला आणि शेजाऱ्यासारखा होऊन ज् झाला. म्हणून दोन. एक ज जाणणाऱ्याचा, एक ज 'ते'चा.

"आता तू एक ज गाळला," तू म्हणालास, "तं जाननारा साबूत राह्यला. पन 'ते' लंगडं झालं. मानूस उरला, गोष्ट गेली."

मी खिळ्यांच्या पेटीसमोर उभाच राहिलो. पाच वर्षं मी तो शब्द जुळवत होतो. शेतीतज्ञ, कायदेतज्ञ, आहारतज्ञ, किती तज्ञ माझ्या बोटांखालून गेले असतील. मी ज्याला नुसतं एक अक्षर समजत होतो त्याच्या पोटात एक जोडलेली जागा होती, आणि तिथं कोणीतरी फार पूर्वी एक 'ते' नीट बसवून ठेवलं होतं. शब्द असे आतून बांधलेले असतात हे मला माहीतच नव्हतं. मी गुपचूप 'लज्जा' फोडली आणि तुझा ज लावला.

मग मीही तुला सोडलं नाही. "बोलताना आपण तद्न्य म्हणतो," मी म्हटलं, "दोन ज कुठं ऐकू येतात? मला तर द ऐकू येतो. म्हणजे तुझा तो त् मेलाच नाही." तू म्हणालास, तो द ज्ञ-चा आहे, मराठी माणूस ज्ञ तसाच म्हणतो, ज्ञान म्हण आणि पाहा. मी म्हटलं, ज्ञानात असेल, तज्ज्ञात तो त्-च आहे, शेजाऱ्याच्या कपड्यात लपून बसलेला. तू हसलास आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं हा वाद आपण जिथं भेटलो तिथं पुढे चालवला. अजूनही माझंच खरं आहे असं मला वाटते. आता तू उत्तर द्यायला नाहीस म्हणून मी जिंकलो असं मात्र धरत नाही.

एकदा इथल्या चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "बरं, ते जाणणारा. पण ते म्हणजे कोणतं ते?" तू चहाचा पेला खाली ठेवलास. म्हणालास, "तेच तं गा. शब्दात त्याचं नावच नाही. नुसतं बोट दाखवलं हाये." आणि स्वतःचं बोट समोर धरून बसलास, लाखनीच्या हायवेकडे. समोरून ट्रक जात होते. मीही त्या बोटाकडे पाहत बसलो. चहावाल्याला वाटलं, उधळलेला बैल वगैरे आला काय, तोही वाकून पाहायला लागला.

मी भंडारा सोडून इथं दुकान टाकलं आणि तुझी बदलीही इकडेच झाली. तेव्हापासून रविवारी माझी स्कूटर तुझी. तू मागे बसायचास, खिशात वही, आणि आपण धानाच्या गावांतून शब्द जमवत हिंडायचो. मी फक्त गाडी चालवायचो, पण आपल्याकडे तलावाच्या पाण्याला, शेताच्या बांधीतल्या चिखलाला, धानाच्या पेंढीला किती नावं आहेत हे ऐकून माझी छाती भरून यायची. ही सगळी नावं मी लहानपणी ऐकली होती आणि शाळेत गेल्यावर लाजून टाकून दिली होती. तू एकेक परत आणून देत होतास.

दिघोरीचा तो धानाचा रोवणा मला अगदी काल झाल्यासारखा दिसतो. बाया रांगेनं वाकून बांधीत धानाचे कोवळे पऱ्हे लावत होत्या, गुडघाभर चिखल. तू धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, वही घेऊन उभा. सगळ्यांत पुढे पारबताबाई. तिनं मान वर न करता म्हटलं, "वरून काय पुसता मास्तर, उतरा ना खाली." तू खरंच चपला काढल्यास, पँट वर केलीस आणि उतरलास. दोन पावलांत बसलास चिखलात. बाया हसून हसून बेजार. तू बसल्या बसल्या वही डोक्यावर धरून पुसायला सुरुवात केलीस. तुझे तीन प्रश्न ठरलेले. हे कधी म्हणता, कोणाले म्हणता, अन् हसून म्हणता का रागानं.

त्या दिवशी तू त्यांना एक वेगळंच पुसलंस. "तुमी 'पुसलं' म्हनता. पोरं शाळेत 'विचारलं' लिहितेत. दोन्ही एकच का?"

"एकच तं होय," बाया म्हणाल्या. "तुमी मास्तर होय का कोन होय?"

पारबताबाई तेवढी हसली नाही. हातातला पऱ्ह्यांचा जुडा तसाच ठेवून ती म्हणाली, "एक नाही वाटत मास्तर. थांबा, इचार करून सांगीन."

परत येताना तू चिखलानं माखलेला, माझ्या सीटचं वाटोळं, आणि तुझी बडबड थांबेना. चहाच्या टपरीवर तू वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दाखवलंस. संस्कृतात पृच्छ्, म्हणजे विचारणं. लोकांच्या तोंडी झालं पुच्छ, आणि आपल्याकडे येता येता पुस. दुसरा शब्द प्रोञ्छ्, म्हणजे फडक्यानं पुसणं. तोही झिजत झिजत पुस. "हिंदीवाल्याइनं दोघाइले वेगळं ठेवलं," तू म्हणालास, "पूछना अन् पोंछना. आपन दोघाइले एकाच खोलीत झोपवलं." माझ्या हातातला चहा गार झाला. मी रोज चहावाल्याला पैसे किती झाले पुसतो, तो शब्द हजारो वर्षं तोंडातोंडातून चालत माझ्यापर्यंत आलेला होता. कितीतरी राज्यं बुडाली, आणि हा एवढासा शब्द चिखलातून, बाजारातून, बायांच्या तोंडून चालत राहिला. त्याला कोणी सांभाळलं नाही, लोकांनी फक्त वापरला. तुला सांगतो डोमा, मी देवळात जातो, पण असा थरार मला देवळात फार वेळा आला नाही.

आता ते निरोपसमारंभाचं.

तू निवृत्त झालास तेव्हा पाटी मीच करणार हे मी शाळेला आधीच बजावलं होतं. भली मोठी पाटी केली, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'भाषातज्ञ मा. डोमाजी गुरुजी यांचा सेवापूर्ती समारंभ.' एक ज. आता खिळे संपल्याची सबबही नव्हती, यंत्रात पाहिजे तेवढे ज होते. बोटांना जुनं वळण लागलेलं, दुसरं काय. पाटी वर चढली, माणसं जमली, आणि मग मला दिसलं. उतरवायला वेळ नव्हता. तू नवा सदरा घालून स्टेजवर आलास, मागे वळून पाटीकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. सगळे पाहुणे खुर्चीवर बसले आणि तू पायऱ्या उतरून खाली आलास, पोरांच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलास. लोकांनी किती विनवलं, तू हललाच नाहीस. "मी इथंच बरा," एवढंच.

लोक म्हणाले, गुरुजींचा साधेपणा पाहा. मला काय समजायचं ते मी समजलो. चार लोकांत तू माझी चूक दाखवलीस. ज्या शब्दावर आपली मैत्री झाली त्याच शब्दाखाली बसायला तू नाकारलंस. मी जेवलो नाही, स्कूटर काढून घरी आलो. नंतर आपण भेटलो, बोललो, चहा प्यालो, पण आधीसारखं नाही. माझ्या मनात ते कुसळ रुतलेलं. दोनदा तू म्हणालास, "नत्थ्या, त्या दिवशी काय झालं..." आणि मी दोन्ही वेळा लाईट गेल्याचं, कागद महागल्याचं काहीतरी काढलं. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. तू काय म्हणशील, मी काय म्हणेन, सगळं ठरवून ठेवलं होतं.

आणि तू दवाखान्यातून परत आलाच नाहीस.

आज अकराच्या सुमारास दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी उभी राहिली. मी ओळखलं नाही. म्हणाली, "स्कूटरवाले भाऊ तुमीच ना? पुसनारे मास्तर गेले म्हनतेत, खरं का?" पारबताबाई. दिघोरीहून एसटी बदलून आली होती. मी हो म्हटलं. ती पायरीवरच बसली. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरलं, प्यायली नाही.

"पुसनारे मास्तर काहून म्हणता?" मी म्हटलं.

"आमच्याकडं तेच नाव हाये त्यायचं. बाकीचे मास्तर सांगाले येते. हे पुसाले येत."

मग ती म्हणाली, "त्यायनं एक गोष्ट पुसली होती. मी म्हटलं होतं, इचार करून सांगीन. माह्यं राहूनच गेलं. एवढी वर्षं झाली. परवा नातीनं म्हटलं, आजी, एकटी काहून इचारात बसली, तं मले उमगलं. म्हटलं, आता जाऊन सांगतोच."

ती मला सांगायला लागली, पण पाहत होती तुझ्या फोटोकडे, पडद्यावरच्या. "इचार म्हंजे मानूस एकटा करते मास्तर. बसला का सुरू. पुसाले दुसरा मानूस लागते. दुसरा नसला तं पुसनं होत नाही."

डोमा, तू संस्कृत धुंडाळलंस, प्राकृत धुंडाळलंस, पुस्तकांत डोळे घातलेस. चिखलात उभ्या राहिलेल्या एका बाईनं तुझा प्रश्न आपल्या मनात ठेवून दिला, आणि इतक्या वर्षांनी उत्तर घेऊन एसटीनं आली. विचारणं विचारातून आलं आहे हे मला माहीत होतं, अक्षर अक्षर जुळवलं आहे मी ते. पण कधी दिसलं नाही. तिला दिसलं. आणि ऐकायला तू नव्हतास, मी होतो. मला पुढचं पुसायचंही सुचलं नाही. तू असतास तर ते तिन्ही प्रश्न आले असते.

ती गेल्यावर मी हेडमास्तरांना फोन केला. म्हटलं, 'पुसणारे मास्तर' असं लिहितो. ते घाबरले. "अहो, फळा पुसणारे वाटेल." मला हसू आलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. तेही खोटं कुठं होतं, फडकं सापडलं नाही की तू सदऱ्याच्या बाहीनंच फळा पुसायचास आणि वहिनींच्या शिव्या खायचास. शेवटी ठरलं. वर 'भाषातज्ज्ञ', शाळेच्या मानासाठी, दोन ज मोजून घातले. खाली 'दिघोरीच्या बायांचे पुसनारे मास्तर'. न-सुद्धा त्यांचाच ठेवला.

पण पारबताबाईचं ते वाक्य मला दुकानात बसू देईना. पुसाले दुसरा मानूस लागते. मी दोन वर्षं नुसता विचार करत बसलो होतो. तू समोर होतास, जिवंत, चहाचा पेला धरून, दोनदा तोंड उघडून. तुला एका शब्दानं पुसलं नाही. आता कोणाला पुसू?

दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात धान निवडत होत्या. मी बसलो. म्हटलं, "वहिनी, एक पुसायचं होतं. त्या समारंभात डोमा खाली काहून बसला?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "तुमीच कदी पुसता, वाट पाहून राह्यलो होतो आमी," त्या म्हणाल्या. "मी घरी आल्यावर लगेच पुसलं होतं त्यायले. म्हटलं, लोक काय म्हनतीन. तं म्हनले, खुर्चीवर बसलो तं पाटी पाठीमागं जाते. नत्थ्यानं एवढी मोठी पाटी केली माह्यी, मले बसून पाह्याची होती. साऱ्या कार्यक्रमात तिकडंच पाहून राह्यले होते. तुमी दिसले नाही म्हनून लई शोधलं तुमाले, सांगासाठी."

मी म्हटलं, "अन् तो ज?"

वहिनींनी पुसलं, "कोनता ज?"

मी मान खाली घातली. ज्या माणसानं माझ्या लग्नपत्रिकेतली वेलांटीसुद्धा सोडली नाही, त्यानं तो ज पाहिला होता, दोन तास समोर बसून पाहिला होता, आणि घरातल्या माणसालाही सांगितला नव्हता.